ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस

“डॉक्टर, एकदाचं कापून टाका.” आतड्याच्या जुनाट आजाराला कंटाळलेला रुग्ण बहुधा हेच म्हणतो. मावळातून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात लोकलने खेपा घालून घरचेही थकलेले असतात, आणि भातलावणी तोंडावर आलेली असते. मात्र आतडे फुटले नसेल, पूर्ण अडले नसेल, रक्तस्राव आटोक्यात असेल, तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाने थोडे थांबण्यातच शहाणपण असते.

आधी निदान पक्के हवे. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. तो पुष्कळदा औषधांनीच बरा होतो. उलट क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर बळावतो.

मग प्रश्न पोषणाचा. 60 किलोचा माणूस सहा महिन्यांत 54 वर आला, तर त्याच्या आतड्याचे टाके भरून यायला वेळ लागतो, जंतुसंसर्गही लवकर होतो. अशा वेळी 7 ते 14 दिवस नीट पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करणे हिताचे ठरते. मऊ इंद्रायणी भात, मुगाचे वरण, अंडी, सोसत असेल तर दही आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. आतडे अरुंद झाले असेल, तर लोणावळ्याची चिक्की मात्र पाहुण्यांनाच द्यावी. शेंगदाण्याचे न चावलेले तुकडे नेमके तिथेच अडकतात. रक्त कमी असेल, तर लोह शिरेतून देतात, कारण आतड्याला सूज असताना गोळ्यांतले लोह नीट शोषले जात नाही.

रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन सहा आठवड्यांहून अधिक चालू असेल, तर शस्त्रक्रियेनंतरचा धोका वाढतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. विडी-सिगारेट मात्र आजच बंद करावी.

लोणावळ्यात 1924 पासून कैवल्यधाम आहे, त्यामुळे योगाविषयी हमखास विचारले जाते. चालणे आणि सावकाश दीर्घश्वसन जरूर करावे. सुजलेल्या आतड्यावर नौली, बस्ती नको.

सर्वांत अवघड बोलणे स्टोमाचे, म्हणजे पोटावरच्या पिशवीचे. अनेकदा ती काही महिन्यांपुरतीच असते, तरी नुसत्या उल्लेखाने बायका रडतात, पुरुष गप्प होतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच परिचारिका रुग्णाला उभे करते, बसवते, लावणीला वाकतात तसे वाकायला सांगते. साडीचा किंवा पायजम्याचा बंद कुठे येतो, घडी कुठे पडते, रुग्णाला स्वतःला कुठवर दिसते, हे पाहून पेनाने खूण करते. जागा चुकली तर पिशवी गळते आणि माणूस घराबाहेर पडायचे सोडतो.