बिनतारी परवान्याची परीक्षा आणि मोर्सचा प्रश्न

हौशी बिनतारी चालकाला परवाना देण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी, हे तत्त्व आज जगात बहुतेक सर्वत्र मान्य झालेले आहे. त्यामागील कारणही उघड आहे. पोलिसांच्या किंवा विमानांच्या बिनतारी संचाची जडणघडण अगोदर ठरलेली व तपासलेली असते. वापरणाऱ्याने त्यात हात घालावयाचा नसतो. हौशी चालकाला मात्र स्वतःच्या हाताने प्रेषक यंत्र बांधण्याची मुभा असते. अमेरिकेत तर त्याला दीड हजार वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. असे यंत्र बिघडले किंवा अज्ञानाने चालविले गेले, तर शेजारच्या लहरींवरील संदेशवहन विस्कळीत होते व चालकाच्या जिवासही धोका संभवतो. म्हणून परीक्षा हवी, याविषयी दुमत नाही. मतभेद आहेत ते परीक्षेत काय असावे आणि ती किती कठीण असावी याविषयी. हा वाद विशेषतः अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ चालला, आणि त्याचा मध्यबिंदू होता मोर्स संकेतावली.

मोर्सची अट प्रथमतः आंतरराष्ट्रीय होती. वॉशिंग्टन येथील १९२७ च्या परिषदेने असा दंडक घातला की, हौशी केंद्र चालविणाऱ्याने मोर्समध्ये मजकूर पाठविण्याची व कानाने ऐकून तो टिपून घेण्याची पात्रता सिद्ध केली पाहिजे. त्या काळी या अटीला व्यावहारिक आधार होता. समुद्रावरील जहाजांचे संकटसंदेश मोर्समधून येत. अशा वेळी हौशी चालकाने तो संदेश ओळखून आपली लहर मोकळी करणे आवश्यक होते. पुढे ही अट टप्प्याटप्प्याने मागे सरकत गेली. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या परिषदेने एक हजार मेगाहर्ट्झच्या वरील लहरींपुरती ती ऐच्छिक केली. १९५९ मध्ये जिनीव्हा येथे ही मर्यादा १४४ वर, आणि १९७९ मध्ये ३० वर आणण्यात आली. जहाजांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी संकटसूचना-व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णत्वाने अमलात आली, आणि अटीचा मूळ आधारच नाहीसा झाला. अखेर २००३ च्या जिनीव्हा परिषदेने मोर्सची परीक्षा घ्यावयाची की नाही हा निर्णय प्रत्येक देशाकडे सोपविला. ब्रिटनने त्याच वर्षी ती रद्द केली.

अमेरिकेतील क्रम याहून गुंतागुंतीचा आहे. तेथे १९५१ पासून नवशिक्यांसाठी दर मिनिटास पाच शब्द, सर्वसाधारण वर्गासाठी तेरा व उच्चतम वर्गासाठी वीस शब्द असा वेग ठरलेला होता. मोर्सविना परवाना देण्याची सूचना १९८३ मध्ये शासनाने मांडली, ती हौशी मंडळींच्याच विरोधामुळे मागे घ्यावी लागली. १९९१ मध्ये तसा परवाना आला, पण तो ३० मेगाहर्ट्झच्या वरील लहरींपुरता. एप्रिल २००० मध्ये सर्व वर्गांसाठी वेग पाच शब्दांवर आणला गेला, आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून मोर्सची परीक्षा पूर्णपणे रद्द झाली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडक्यात असे. अट राखू पाहणाऱ्यांच्या मते मोर्सचे यंत्र अत्यंत साधे असते, मोर्स मानवी आवाजाच्या मानाने लहरींची फारच थोडी जागा व्यापते, आणि क्षीण संदेशही त्यातून पोहोचतो. शिवाय, जो महिनोन्‌महिने सराव करतो तो शिस्तीचाही पाईक होतो; अट गेल्यास उथळ मंडळींची गर्दी होईल. उलटपक्षी, अट नको असणारे विचारीत की, जे साधन वापरावयाचेच नाही त्याची परीक्षा कशासाठी? विद्युच्छास्त्रात पारंगत असलेला अभियंता केवळ कान तयार नाही म्हणून लघुलहरींपासून वंचित का राहावा? क्षीण संदेशाच्या युक्तिवादाचे बळही पुढे कमी झाले. २०१७ मध्ये आलेली एफ-टी-८ ही संगणकीय पद्धत मानवी कानाला ऐकूही न येणारे संकेत उलगडू शकते.

या सर्व वादात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: वीस शब्द, तेरा शब्द, पाच शब्द ही एकाच कौशल्याची अधिकउणी मापे आहेत. भाषाभ्यासाच्या दृष्टीने नेमके हेच गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

ब्रायन व हार्टर या अमेरिकन संशोधकांनी १८९७ व १८९९ साली तारमास्तरांच्या शिक्षणाविषयी दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील हार्टर स्वतः पूर्वी तारायंत्रावर काम करीत असे. त्यांनी या व्यवहाराला 'तारायंत्राची भाषा' असेच म्हटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिकणारा प्रथम सुटी अक्षरे ओळखतो. पुढे शब्द अखंड नाद म्हणून त्याच्या कानी येतो. आणि मुरलेला तारमास्तर वाक्यांशांच्या आधाराने ऐकतो, हात मागचे शब्द लिहीत असता त्याचा कान पुढे गेलेला असतो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना प्रगती काही काळ खुंटल्यासारखी दिसते, असेही त्यांनी नोंदविले. ही खुंटलेली अवस्था अटळ असते की काय, याबद्दल पुढे केलर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये शंका घेतली. परंतु अक्षर, शब्द व वाक्यांश अशा चढत्या पायऱ्यांची कल्पना त्यामुळे बाद होत नाही.

आता वेगाचे गणित पाहू. मोर्समध्ये बिंदू हे एक माप धरले, तर रेघ तीन मापांची असते. दोन अक्षरांमधील विराम तीन मापांचा व दोन शब्दांमधील सात मापांचा. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात. त्याची रोमन अक्षरे पाच व मापे, शेवटच्या विरामासह, पन्नास. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सरासरी दहा मापे येतात. वेग पाच शब्दांचा असेल तर प्रत्येक अक्षरासाठी सुमारे २.४ सेकंद मिळतात. तेराचा असेल तर ०.९, आणि वीसचा असेल तर ०.६. अडीच सेकंदांत उमेदवाराला बिंदू-रेघा मनात मोजून, पाठ केलेला तक्ता आठवून, अक्षर लिहिता येते. अर्ध्याअधिक सेकंदात हे शक्य नाही. तेथे अक्षराचा नाद एकदम ओळखावा लागतो. तेरा शब्दांची अट तक्त्याची सवय मोडल्याशिवाय पार होत नाही, असा हौशी मंडळींत समज आहे, तो यामुळेच सयुक्तिक वाटतो.

मराठी वाचकाला मोडीच्या उदाहरणाने हा भेद सहज पटेल. मोडीची मुळाक्षरे तक्त्यावरून ओळखणारा विद्यार्थी आणि पेशवे दप्तरातील पत्र सरळ वाचीत जाणारा अभ्यासक यांच्यात केवळ वेगाचा फरक नसतो. पहिला अक्षरे जुळवितो, दुसरा वाचतो. पहिल्याला कितीही वेळ दिला तरी सलग लेखणीच्या ओघात परस्परांत मिसळलेली अक्षरे त्याला अडवितातच.

यावरून २००० सालच्या सवलतीचे खरे स्वरूप ध्यानात येते. वेग तेरावरून पाचवर आणला, तेव्हा तेच कौशल्य कमी प्रमाणात मागितले गेले नाही. निराळेच कौशल्य मागितले गेले. मोर्स कानाने 'वाचता' येणे ही पूर्वीची अपेक्षा होती. आता तक्ता पाठ असणे पुरेसे झाले. असा पाठ केलेला तक्ता संकटकाळी उपयोगी पडत नाही, आणि परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत विसरलाही जातो. म्हणजे अटीचा जाच तसाच उरला, परंतु तिचा लाभ गेला. त्या दृष्टीने २००७ चा निर्णय सात वर्षांपूर्वीच्या तडजोडीपेक्षा अधिक सुसंगत ठरतो.

हाच निकष लेखी परीक्षेला लावला असता वादाचा अधिक महत्त्वाचा भाग समोर येतो. अमेरिकेत प्रश्नांचा संपूर्ण संग्रह उत्तरांसह आधीच प्रसिद्ध केलेला असतो. प्राथमिक परीक्षेत त्यांतील ३५ प्रश्न विचारतात व २६ बरोबर आल्यास उमेदवार उत्तीर्ण होतो. या पद्धतीने परीक्षा निःपक्षपाती होते, दूरच्या गावातील मुलालाही तयारी करता येते, हे तिचे गुण खरे आहेत. परंतु ज्याने उत्तरे केवळ पाठ केली त्याची स्मृती मोजली जाते, समज नव्हे. आणि आकाशकेबल विजेच्या तारेजवळून नेऊ नये हे ज्याने पर्याय 'ब' म्हणून लक्षात ठेवले आहे, त्याच्या जिवाला त्या ज्ञानाचे संरक्षण अल्पच मिळते. मोर्सच्या अटीवर जितकी शाई खर्च झाली तितकी या प्रश्नावर झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अट गेल्यावर मोर्स लुप्त होईल, हे भाकीत खरे ठरले नाही. आजही लघुलहरींच्या खालच्या भागात मोर्सचे संभाषण ऐकू येते, तिच्या स्पर्धा भरतात व ती शिकविणारी मंडळे चालतात. भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी येथील हौशी चालकांत मोर्स जिवंत आहे. आणि मोर्सची परीक्षा न देता मिळणारा मर्यादित श्रेणीचा परवानाही येथे रूढ आहे. २००१ चा गुजरातचा भूकंप व २००४ ची अंदमानातील त्सुनामी या दोन्ही प्रसंगी हौशी चालकांनी तुटलेले दळणवळण सांधले. अशा वेळी लागते ते यंत्राचे ज्ञान, संदेश बिनचूक पोहोचविण्याची सवय आणि लहरींवरील शिस्त. परीक्षेने तपासावयाचे ते हेच.

तात्पर्य, अट कडक की सैल हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणते कौशल्य मोजते, आणि सैल केल्यावरही तेच मोजते काय, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरविता आकडा खाली आणला, तर परीक्षा सोपी होते एवढेच नव्हे. ती दुसऱ्याच कशाची तरी परीक्षा होऊन बसते.