विस्तवावर गार होणारा फ्रीज

मैत्रिणींनो, विस्तव पेटवून फ्रीज गार होतो असं कुणी सांगितलं, तर आपण हसूच ना? मीही हसले होते! पण सुट्टीत जर्मनीला वन्संकडे गेलो आणि त्यांच्या कॅम्पर व्हॅनमधून, म्हणजे चाकांवरच्या छोट्याशा घरातून, इटलीला निघालो, तेव्हा तो प्रत्यक्ष पाहिला.

पहिल्याच मुक्कामी घोटाळा माझ्याच हातून झाला. गाडी थांबल्यावर फ्रीजचं बटण मी बॅटरीवरच राहू दिलं. सकाळी बघते तो धाकट्याचं दूध नासलेलं आणि गाडी काही केल्या सुरू होईना! वन्सं रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, आधी त्याची रीत समजून घे."

आपल्या घरच्या फ्रीजमध्ये विजेच्या मोटरवर चालणारा कॉम्प्रेसर असतो. या ॲब्सॉर्प्शन फ्रीजमध्ये तो नसतोच. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालून उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वायू होऊन वर जातो, बाहेरच्या हवेनं निवून पातळ होतो आणि आत येऊन पुन्हा उडून जातो. उडताना तो आतली उष्णता ओढून घेतो. माठ झिरपून पाणी गार होतं ना, तसंच! मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 साली ही युक्ती काढली.

थोडक्यात, याला हवी फक्त उष्णता. मुक्कामी वीज असेल तर प्लग लावा. नसेल तर गॅसची बारीक ज्योत. बॅटरी मात्र गाडी चालू असतानाच! 120 वॅटचा फ्रीज 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतो. इंजिन बंद असेल तर बॅटरी काही तासांतच संपते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. गाडी सपाट जागी उभी करा, कलली तर अमोनिया नीट वाहत नाही. फ्रीज गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच विजेवर लावा. पेट्रोल पंपावर जाण्याआधी ज्योत विझवा. आणि बाहेरच्या जाळ्या कधीही झाकू नका. ज्योतीचा विषारी धूर आत कोंडला तर जिवावर बेतेल.

पुढचे सहा दिवस दूध एकदाही नासलं नाही. बटणाचं काम मात्र वन्संनी माझ्याकडेच ठेवलं, बरं का!