ऑफर आली? कन्सल्टंटशी आधी हे बोला

ऑफर आली की लगेच होकार देऊ नका. भरती कन्सल्टंटची फी कंपनी देते, अनेकदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी. तुमचा आकडा वाढला तर त्याचाही फायदा. पण जागा लवकर भरण्याची त्याला घाई असते. म्हणून मागणी स्पष्ट सांगा.

✅ सीटीसीची फोड मागा: कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल वगळून हातात किती?
✅ या पदाचं बजेट किती, हे थेट विचारा.
✅ पगार अडला तर नोटीस बायआउट किंवा जॉइनिंग बोनस मागा. परतफेडीची अट वाचा.
✅ ठरलेलं सगळं ऑफर लेटरमध्ये आल्यावरच राजीनामा द्या.

मागायला संकोच नको. पुढची पगारवाढ याच आकड्यावर मोजली जाते!