पदवीच्या वर्षांतच शिक्षकी पेशाची तयारी

माध्यमिक शाळेत शिकवायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. आलंच, त्यासाठी महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान 50 टक्के गुण हवेत. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर: 150 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला 60 टक्के. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं.

खरी निवड मात्र प्रथम वर्षालाच होते. पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा नसेल, तर पुढे अडचण होते. गणित, विज्ञान, इंग्रजी घेणारे त्या मानाने सुखी. सरकारी भरतीसाठी ‘टेट’ ही वेगळी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आहेच (नावांच्या सारखेपणाने भलेभले गोंधळतात). तोवर वस्तीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवून पाहा. त्याचा कंटाळा आला, तर हा पेशा धरू नका.