केदारच्या वाटेवर निघण्यापूर्वी

भाऊबीजेच्या दिवशी केदारनाथाची कवाडे बंद होतात. उत्सवमूर्ती डोलीतून ऊखीमठला नेली जाते आणि मंदिर बर्फाच्या स्वाधीन होते. वैशाखाच्या सुमारास कवाडे पुन्हा उघडेपर्यंत तिकडे हिमालय विसावा घेतो आणि इकडे आपणही! उत्तर हिंदुस्थानातील थंडीत तर सकाळचा फेरफटका सुटतो, पण रजई सुटत नाही.

मग फाल्गुन सरता सरता घरात यात्रेचा बेत ठरतो. आगगाडीची तिकिटे काढली जातात, लोकरीचे कपडे उन्हात पडतात. ज्या पायांनी डोंगर चढायचा, त्यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. या वाटेवर दरवर्षी काही यात्रेकरू हृदयविकाराने दगावतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही हयगय किती महाग पडू शकते ते कळेल.

गौरीकुंडापासून केदारनाथ १६ ते १८ किलोमीटर दूर आहे आणि तेवढ्या अंतरात सुमारे १,६०० मीटरची चढण आहे. तीन मीटरचा एक मजला धरला, तर हे पाचशेहून अधिक मजले चढण्यासारखे झाले. चार महिने बैठ्या राहिलेल्या शरीराकडून ते एकाएकी कसे व्हावे?

म्हणून निदान आठ आठवडे आधी तयारीस लागावे. पन्नाशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह अथवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास चालणे पुरे. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशी चाल असावी. तिसऱ्या आठवड्यापासून जिन्याची चढउतार सुरू करावी. पुढे पाठीवर चार-पाच किलो ओझे घ्यावे. रविवारी लांबचा फेरफटका करून तो हळूहळू चार-पाच तासांपर्यंत न्यावा. घाई नको. हृदय आणि स्नायू लवकर सरावतात, पण स्नायू हाडांना जोडणाऱ्या शिरा सावकाश बळकट होतात. प्रस्थानापूर्वीच्या आठवड्यात श्रम कमी करावेत.

चढ अवघड आणि उतार सोपा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. यावर सराव हाच उपाय. इमारतीला लिफ्ट असली तरी खाली पायीच उतरावे. गुडघ्यांना काठीचा मोठा आधार होतो. जोडे नवे घ्यायचे असल्यास आताच घ्यावेत आणि तेच घालून सराव करावा, म्हणजे वाटेत फोड येणार नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही व्यायामाने साधत नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर दर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांशच असतो. विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणांनाही होतो. किंबहुना पायांत बळ असल्यामुळे ते भराभर चढतात आणि आधी आजारी पडतात. यास्तव वाटेत मुक्काम करीत, शरीराला उंचीची सवय होऊ देत जावे. डोके दुखू लागले, मळमळले, तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर विलंब न लावता खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. दर्शन पुढल्या वर्षीही घडेल.

घरातील वडीलधाऱ्यांना एकटेच फिरायला पाठवू नका; सून, मुलगा, नातवंडे, सर्वांनीच त्यांच्याबरोबर निघावे. पावलांची चिंता उरली नाही, म्हणजे वाटेवर दृष्टी आपल्या पायांवर खिळून राहत नाही. ती खालच्या मंदाकिनीकडे आणि समोरच्या हिमशिखरांकडे वळते. यात्रेला जायचे ते त्यासाठीच ना?