‘हेमाडपंती’ मंदिरे हेमाडपंतांनीच बांधली का? देऊळ, राऊळ, गाभारा हे शब्द आले कुठून?

गावाबाहेर काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ‘हेमाडपंती आहे’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण हे हेमाडपंत कोण?

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. देवगिरीच्या यादवांचे, राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातले मंत्री. काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. चुना न वापरता, घडवलेले दगड खाचांमध्ये एकमेकांत बसवून बांधकाम करण्याच्या पद्धतीला त्यांचे नाव चिकटले. मोडी लिपी आणि बाजरीचे श्रेयही परंपरेने त्यांनाच दिले आहे. मोठ्या माणसाच्या खात्यावर बरेच काही जमा होते, ते असे!

अडचण तारखांची आहे. अंबरनाथचे शिवमंदिर सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे आणि तो शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला आहे. हेमाद्रींच्या सुमारे २०० वर्षे आधीचा. अभ्यासक या मंदिराची शैली ‘भूमिज’ सांगतात. सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले की मंदिर यादवकाळात जाऊन बसते आणि ज्या शिलाहारांनी ते उभारले, त्यांचे नावच पुसले जाते.

त्या मानाने साधे, रोजचे शब्द आपला अर्थ जपून आहेत. ‘देऊळ’ आले संस्कृत ‘देवकुल’वरून. इथे कुल म्हणजे घर. प्राकृतात मधला ‘क’ गळाला, ‘देउल’ झाले आणि मराठीत देऊळ. मथुरेजवळच्या माट गावातील कुषाणकालीन लेखात ‘देवकुल’ शब्द सापडतो. तिथे मात्र कुषाण राजांचेही पुतळे होते.

‘राऊळ’ याच वाटेने आले, पण ‘राजकुल’पासून. म्हणजे मूळ अर्थ राजवाडा. विठोबाचे राऊळ म्हणताना आपण देवाला राजाच्या घरी बसवतो.

‘गाभारा’ म्हणजे ‘गर्भागार’, आतली खोली. गाभा आणि गाभण हे शब्दही ‘गर्भ’च्याच कुटुंबातले. गाभाऱ्यातला अंधार आणि अरुंद दार आठवले की हे नाते लगेच पटते.

आणि ‘मंदिर’? संस्कृतात त्याचा अर्थ कोणतेही घर, मग ते देवाचे असो वा माणसाचे.