गरोदरपणात रात्री नाक बंद होते तेव्हा



सिन्नरला थंडी पडली की घरोघरी सर्दी-खोकला येतोच. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या सुनेचे नाक सर्दीशिवायच बंद राहू लागले. तिला सहावा महिना होता. ताप नाही, शिंका नाहीत. अंथरुणावर पडले की मात्र दोन्ही नाकपुड्या बंद. रात्रभर तोंडाने श्वास, आणि फजरला उठताना घसा कोरडा, डोके जड. "सर्दीच आहे, जाईल," असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो. तिने मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणले आणि तीन आठवडे रोज घातले. शेवटी थेंबांशिवाय झोपच येईना, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले.

तिथे कळले की हा गरोदरपणातलाच एक त्रास आहे. साधारण पाचांपैकी एका गरोदर बाईला तो होतो. या काळात संप्रेरके बदलतात, शरीरातले रक्त वाढते आणि नाकाच्या आतले अस्तर सुजते. आडवे पडले की सूज आणखी जाणवते. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत नाक आपोआप मोकळे होते.

थेंबांनी सूज तेवढ्यापुरती उतरते. पण ते तीन दिवसांपेक्षा जास्त घातले, तर औषधाचा असर संपताच नाक पहिल्यापेक्षा जास्त बंद होते. आमच्याकडे तेच झाले होते. गरोदर बाईने असे थेंब किंवा सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मग काय करावे? पलंगाच्या उशाकडील पायांखाली एकेक वीट ठेवावी, किंवा डोक्यासह खांदेही उचलले जातील अशा उशा लावून कुशीवर झोपावे. पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, एका पेल्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवावे आणि झोपण्यापूर्वी त्याने हलक्या हाताने नाक धुवावे. पाणी न उकळता वापरू नये. वुजू करताना नाकात पाणी घेण्याची आपल्याला सवय असतेच, त्यामुळे हे अवघड वाटत नाही. रोजा असेल तर हे इफ्तारनंतर करावे. साध्या पाण्याची वाफही बरी वाटते. भांडे मात्र मांडीवर न घेता टेबलावर ठेवावे. संध्याकाळी थोडे चालल्यानेही नाक सुटते.

आमच्या गावाची एक गोष्ट वेगळी आहे. सिन्नरमध्ये कितीतरी बायका घरी विड्या वळतात. तंबाखूचे सूप मांडीवर असते आणि त्याच खोलीत रात्री अंथरूण पडते. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर सुजलेल्या नाकाला आणखी त्रास देतात. शिवाय तंबाखूतले निकोटीन हाताच्या कातडीतूनही अंगात जाते. म्हणून घरात गरोदर बाई असेल तर ते काम तिच्या हातातून काढून घ्यावे, तंबाखू झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा आणि घरातल्या पुरुषांनी विडी-सिगारेट घरात ओढू नये. पैशाची ओढ आम्हालाही कळते, पण तिच्या वाटचे काम घरच्यांनी उचलायला हवे.

एक खूण मात्र कधीच हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी न घोरणारी बाई गरोदरपणात जोरजोरात घोरू लागली, झोपेत तिचा श्वास अडकू लागला, तर रक्तदाब तपासून घ्या. सोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर-हातांवर सूज असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी नाकाचा त्रासही डॉक्टरांना सांगा.

आमच्या सुनेचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने सुटले. पहिले काही दिवस जड गेले, पण नंतर झोप लागू लागली. अल्हम्दुलिल्लाह, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत आणि नाकही मोकळे आहे. आम्हाला खंत एकाच गोष्टीची वाटते. तीन आठवडे ती रात्री जागी होती, आणि "झोप झाली का, बेटा?" एवढे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. तुमच्या घरी ते आजच विचारा.